फुगलेली कड

आधी पोट रिकामं करायचं.
काच, पडदा, नाण्यांची पेटी, दोन दांडे, सहा बटणं.
रेइनोने सगळं बिस्किटांच्या डब्यांत भरलं
आणि झाकणांवर पेन्सिलीने लिहिलं :
डावं. उजवं. ठाऊक नाही.

उरलं नुसतं खोकं,
माणसाहून वीतभर उंच,
गॅरेजच्या मधोमध आडवं पाडलेलं,
शस्त्रक्रियेला आणलेल्या घोड्यासारखं.

हॅनकॉकमध्ये ऑक्टोबर म्हणजे स्टिकरचे शेवटचे दिवस.
सरोवरावरून गारठा आला की गोंद धरत नाही.
कोपऱ्यात रॉकेलची शेगडी,
आणि नवी चित्रं घरात, माझ्या पलंगाखाली,
गुंडाळी मोडावी म्हणून सपाट निजवलेली,
वर टॉवेल, टॉवेलवर चार विटा.

जुनं चित्र निघता निघेना.
एका हातात गरम हवेचं पिस्तूल, दुसऱ्यात बोथट पट्टी.
नखाएवढं सुटायचं, मग फाटायचं.
अंतराळवीराचा हात निघाला, मग शिरस्त्राण,
त्याची हिरवी बंदूक मात्र शेवटपर्यंत अडून बसली.
उरलेल्या चिकट्यावर संत्र्याच्या वासाचं काहीतरी ओतलं,
दोन दिवस सँडविचलाही तोच वास.

रेइनो आयुष्यभर बोटी रंगवत आला, बोलतो कमी.
"स्टिकर माफ करत नाही," म्हणाला.
"खाली वाळूचा एक कण, वर फोड."
डोळे मिटून तो फळीवर तळवा फिरवतो,
थांबतो, पेन्सिलीने गोल काढतो.
मला तिथे काहीच दिसत नाही.
त्या गोलात मी लुकण भरते.

सिगारेटचे सात चटके. भरले.
किल्लीने कोरलेली तीन अक्षरं, कुणाची कोण जाणे. भरली.
मनगटं टेकून टेकून झिजलेली डावी कड,
तीही भरली, जरा नाइलाजाने.

आणि मग तळ.

चार बोटं उंचीपर्यंत लाकूड फुगलेलं.
लाकूड आपलं म्हणायचं, दाबलेला भुसा तो,
पाणी प्यायला की पावासारखा उमलतो
आणि पुन्हा कधी बसत नाही.
"रोज कुणीतरी ओलं फडकं मारलंय," रेइनो म्हणाला,
"खोकं न हलवता, वर्षानुवर्षं. आळशी माणूस."

आळशी माणूस म्हणजे माझी आई, इल्मा.
ब्रिसनच्या पिझ्झाच्या दुकानात, रात्री साडेदहानंतर,
खुर्च्या टेबलांवर उलट्या
आणि मी दुधाच्या क्रेटवर उभी, ह्याच खोक्यासमोर,
नाणं न टाकता दांडे हलवत.
पडदा आपल्याआपण खेळायचा,
मला वाटायचं, मीच खेळतेय.
आई यायची. "पाय सांभाळ," म्हणायची,
आणि तिचा पोछा क्रेटला वळसा घालून
खोक्याच्या कडेला धडकून परत फिरायचा.
सव्वाशे किलोचं धूड
ती एकटी कशी हलवणार होती, रेइनो?

हे मी बोलले नाही.
बोलले ते एवढंच : "कापावं लागेल?"
"कापावं लागेल."

त्याने गुण्या लावला, रेघ मारली.
करवत मी धरली.
फुगलेलं सगळं चुरा होऊन बुटांवर पडत गेलं.
आत फरशीच्या साबणाचा वास होता असं म्हणायला आवडलं असतं,
पण शेगडीच्या रॉकेलपुढे काही कळलं नाही.

नवी पट्टी बर्चच्या प्लायची.
गोंद, चार क्लॅम्प, एक रात्र.
सकाळी डोळे मिटून मी जोडावरून तळवा फिरवला.
"इथे," म्हटलं.
रेइनोने न बोलता पेन्सिल पुढे केली.

एकशेवीसचा कागद, मग दोनशेवीसचा,
प्रायमर, पुन्हा कागद,
धूळ टिपायचं मेणचट फडकं.
रविवारी चित्र बसवू,
साबणाच्या पाण्याचा हलका शिडकावा देऊन,
मधून कडेकडे बुडबुडे हाकलत.
खालचं काही दिसू नये,
त्यासाठीच तर हे पंधरा दिवस.

कापलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात उभा आहे.
त्याच्यामुळे झाकण लागत नाही.
गाडी मंगळवारी येते.